पलंगाखालचा कुत्रा वहीत का येत नाही?

प्रश्न: माझी मुलगी दहा वर्षांची आहे, पाचवीत. बोलायला बसली की थांबत नाही. शेजारच्या कुत्र्याबद्दल ती मला अर्धा तास सांगते. ढग गडगडले की तो पलंगाखाली शिरतो, डोकं आत आणि शेपूट बाहेर, आणि त्याला वाटतं आपण कुणाला दिसतच नाही. पण ‘माझा आवडता प्राणी’ यावर लिही म्हटलं की वहीत चार ओळी: ‘माझा आवडता प्राणी कुत्रा आहे. कुत्रा इमानी प्राणी आहे. तो घराची राखण करतो. मला कुत्रा खुप आवडतो.’ त्यातही ऱ्हस्व-दीर्घाची चूक आहेच. तिच्याच वयाचा माझा भाचा दोन पानं लिहितो. बाईंनी वहीवर ‘लेखन वाढवा’ असा शेरा दिलाय. मी निबंध लिहून देते आणि तिच्याकडून पाठ करून घेते. परीक्षेत मार्क मिळतात, पण विषय बदलला की पुन्हा चार ओळी. तिचे बाबा म्हणतात, आता मोबाइलच सगळं लिहून देतो, कशाला एवढी डोकेफोड? या वयाच्या मुलांना नेमकं किती आणि कसं लिहिता यायला हवं? निबंधाचा क्लास लावू का?
– एक आई

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात चांगलं वाक्य तुमच्या मुलीचं आहे. ‘डोकं आत आणि शेपूट बाहेर, आणि त्याला वाटतं आपण कुणाला दिसतच नाही.’ मी ते दोनदा वाचलं. यात नीट बघणं आहे, बघितलेल्यातलं नेमकं उचलणं आहे, आणि त्या कुत्र्याच्या मनात काय चाललं असेल याचा अंदाजही आहे. लिहिणाऱ्याकडे जे असावं लागतं त्यातलं बरंचसं या मुलीकडे आधीच आहे. त्यामुळे ‘तिला लिहिता येत नाही’ ही काळजी जरा बाजूला ठेवू. खरा प्रश्न असा आहे की तोंडातलं ते वाक्य वहीपर्यंत का पोचलं नाही.

एक कारण अगदी साधं आहे. ती बोलते तेव्हा समोर तुम्ही असता. तुम्ही ‘मग?’ म्हणता, हसता, ‘आणि तुला कसं कळलं तो घाबरलाय ते?’ असं विचारता. तुमच्या प्रत्येक ‘मग?’वर तिला पुढचं सुचतं. वही ‘मग?’ म्हणत नाही. कार्ल बेरायटर आणि मार्लीन स्कार्डामालिया या दोन संशोधकांनी मुलांच्या लिहिण्याचा बरीच वर्षं अभ्यास केला आणि १९८७ मध्ये तो सविस्तर मांडला. लहान मुलं लिहिताना विषयावरची एक गोष्ट आठवतात, ती लिहितात, त्यावरून दुसरी आठवते, ती लिहितात, आणि आठवणं थांबलं की निबंध संपतो. सरावलेला लिहिणारा मागे जातो, ‘हे वाचणाऱ्याला कळेल का’ असं स्वतःलाच विचारतो, वाक्य हलवतो, कधी लिहिता लिहिता त्याचं मतही बदलतं. एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जाण्याची सुरुवात चौथी ते सातवीच्या वर्षांत व्हायला हवी. तुमची मुलगी त्या उंबरठ्यावर उभी आहे. तिच्या चार ओळी तिच्या वयाला शोभणाऱ्याच आहेत, फक्त पुढचं पाऊल कसं टाकायचं ते तिला कुणी दाखवलेलं नाही.

दुसरं कारण सांगताना मला थोडा संकोच वाटतो, पण सांगायला हवं. ‘कुत्रा इमानी प्राणी आहे’ हे वाक्य तिला कुठून मिळालं? पलंगाखालच्या कुत्र्यात तिने इमानीपणा पाहिलेला नाही, त्याची भीती पाहिली आहे. पण तिच्या मनात पक्कं बसलंय की निबंधात असंच लिहायचं असतं, आपण पाहिलेलं तिथे चालत नाही. पाठ केलेल्या निबंधांनी तिला हेच शिकवलं. तुम्ही ते तिच्या भल्यासाठीच लिहून दिलेत, याबद्दल मला जराही शंका नाही.

मी स्वतः हे केलं आहे. शिकवायला लागले त्या पहिल्या वर्षी पाचवीच्या एका मुलाने आजोबांवर लिहिलं होतं. शेवटचं वाक्य होतं, ‘आजोबा गेले तेव्हा त्यांचा चष्मा टेबलावरच होता.’ मी त्यावर लाल रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘आजोबांच्या निधनाने आम्हा सर्वांना अतिशय दुःख झाले.’ त्याने ते वाक्य सुंदर अक्षरात पाच वेळा लिहून आणलं. त्यानंतर वर्षभर त्या मुलाच्या वहीत एकही चष्मा आला नाही. सगळं शुद्ध आणि सगळं दुसऱ्याचं. मला ते कळायला फार उशीर झाला, आणि अजूनही त्याचं वाईट वाटतं.

आता तुमचा थेट प्रश्न: या वयात काय यायला हवं?

गोष्ट सांगणं, माहिती देणं आणि मत मांडणं, हे तिन्ही तिने करून पाहिलेलं असावं. गोष्टीत आधी काय, नंतर काय हे कळावं, आणि कुणीतरी बोलावं, म्हणजे अवतरणचिन्हं वापरायची वेळ येते. माहिती लिहिताना एका बाबीचं एका ठिकाणी यावं: कुत्र्याच्या खाण्याचं एका परिच्छेदात, त्याच्या सवयींचं दुसऱ्यात. परिच्छेद ही या वयातली खरी मोठी पायरी आहे, आणि ती ओळी मोजून चढता येत नाही. ‘आता मी दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलतेय’ हे लिहिणाऱ्याला कळलं की परिच्छेद आपोआप पडतो. मत मांडताना ‘मला वाटतं’च्या मागे ‘कारण’ यावं, निदान दोनदा. सहावी-सातवीपर्यंत ‘काही जण म्हणतील की’ हेही यावं. ‘म्हणून’, ‘तरीही’, ‘त्याआधी’, ‘उलट’ अशा शब्दांनी वाक्यं एकमेकांना धरून चालायला लागावीत. वाचलेल्या एका पानाचं सार स्वतःच्या तीन-चार वाक्यांत सांगता यावं. हे शेवटचं पालक सहसा मोजत नाहीत, पण इतिहास-विज्ञानाचा पुढचा सगळा अभ्यास त्यावर उभा राहतो.

आणि या सगळ्याच्या वर मी एक गोष्ट ठेवते: आपलं लिहिलेलं स्वतः वाचून, कुणाच्या तरी मदतीने, त्यात निदान एक बदल करता यावा. चौथी ते सातवीत मला एवढंच निवडायला सांगितलं तर मी हेच निवडेन. वहीकडे परत येणारं मूल पुढे बाकीचं शिकतं. एकदा लिहून ‘झालं’ म्हणून वही मिटणारं मूल दोन पानं लिहीत असलं तरी तिथेच थांबतं.

म्हणून ‘किती लिहावं’ याचं उत्तर देताना मी जरा अडखळते. आकडे मिळतात. अमेरिकेतल्या २०१० च्या ‘कॉमन कोअर’ नावाच्या शालेय मानकांमध्ये चौथीच्या मुलाने एका बैठकीत एक पान आणि पाचवीच्या मुलाने दोन पानं टंकलिखित करू शकावीत अशी अपेक्षा आहे. पण तो आकडा कळफलकावरच्या सरावाचा आणि बसून काम करण्याच्या चिकाटीचा आहे. लेखन चांगलं की वाईट, ते त्यातून कळत नाही. तुमचा भाचा दोन पानं लिहितो हे छानच आहे. ती दोन पानं एकदा वाचून बघा, त्यात त्याने स्वतः पाहिलेलं काय आहे ते. असेल तर उत्तमच. नसेल तर तोही तुमच्या मुलीसारख्याच उंबरठ्यावर आहे, फक्त त्याचा हात जास्त चालतो. आणि दोघांची तुलना तिच्या कानावर जात असेल तर ती आजच थांबवा.

हाताचा उल्लेख आला म्हणून सांगते. अक्षर काढण्यातच ज्या मुलाची शक्ती जाते, त्याच्या डोक्यात वाक्यासाठी जागा उरत नाही. ‘खूप’ ऱ्हस्व की दीर्घ, जोडाक्षर कसं काढायचं, ओळ सरळ जातेय का, हे सगळं चालू असताना शेपटाचं वाक्य निसटून जातं. तेव्हा सांगणं, लिहिणं आणि शुद्धलेखन ही तीन कामं तीन वेळांना करायला द्या. एका वेळी एकच.

हे घरी असं करता येईल. तिला कुत्र्याबद्दल बोलू द्या, पाच मिनिटं. तुम्ही कागदाच्या चिटोऱ्यांवर तिचेच शब्द टिपा, एका चिटोऱ्यावर एक: ‘ढग’, ‘पलंग’, ‘शेपूट’, ‘दिसत नाही’, ‘हाक मारली’. पूर्ण वाक्य लिहू नका, नाहीतर ते तुमचं होईल. मग चिटोरे तिच्यापुढे ठेवा आणि विचारा, आधी काय सांगशील? ती ते हलवेल, एखादा बाजूला काढेल, ‘यात हे नाहीये’ म्हणून एखादा नवा लिहायला घेईल. ते हलवणं म्हणजेच मांडणी, आणि ती तिने हातांनी केलेली असते. त्यानंतर तिने लिहायला बसावं आणि तुम्ही उठून जावं. खरंच उठून जा. खांद्यावरून कुणी वाचत असताना मोठ्यांनाही लिहिता येत नाही.

लिहून झालं की लगेच तपासू नका. दुसऱ्या दिवशी तिला मोठ्याने वाचायला सांगा, ओळीवर बोट ठेवून. जिथे ती अडखळेल किंवा लिहिलेल्यापेक्षा वेगळंच बोलेल, तिथे तिनेच पेन्सिलीने टिंब द्यावं. मुलं वाचताना राहिलेला शब्द तोंडाने भरतात. कानाला कळतं ते डोळ्याला दिसत नाही. तुम्ही एकच करायचं: ऐकणाऱ्यासारखा खरा प्रश्न विचारायचा. ‘तो पलंगाखाली शिरला हे तुला कुणी सांगितलं, की तू पाहिलंस?’ तिने उत्तर दिलं की म्हणा, ‘हे वहीत नाहीये.’ बस. ती लिहील किंवा नाही लिहिणार. पण हळूहळू ती तुमचा ‘मग?’ स्वतःच म्हणायला लागेल, आणि आपल्याला तेवढंच हवं आहे.

आणखी एक खेळ मला फार प्रिय आहे, कारण मुलांना तो अभ्यास वाटत नाही. चार तुटक वाक्यं घ्या. ‘ढग गडगडले. कुत्रा घाबरला. तो पलंगाखाली शिरला. शेपूट बाहेर राहिलं.’ आता यांचं एक किंवा दोन वाक्यांत काय काय होऊ शकतं ते दोघींनी मिळून बघा. ‘ढग गडगडले तसा कुत्रा घाबरून पलंगाखाली शिरला, पण शेपूट बाहेरच राहिलं.’ हे झालं सरळ. मग शेवटून सुरुवात करा: ‘बाहेर दिसत होतं ते फक्त शेपूट; बाकीचा कुत्रा ढगांना घाबरून पलंगाखाली होता.’ दोन्हींत माहिती तीच आहे. पण दुसऱ्या वाक्यात वाचणारा आधी शेपूट बघतो आणि मग त्याला कुत्रा सापडतो. हा फरक दहा वर्षांच्या मुलीला नक्की कळतो, समजावून सांगावा लागत नाही. ‘घाबरून’, ‘शिरलेला’, ‘तसा’, ‘तेवढं’ अशी केवढी तरी साधनं मराठीत आहेत. ती व्याकरणाच्या तासाला नावांसकट पाठ करण्याआधी हाताला लागली तर पुढे ती नावंही लक्षात राहतात.

हे नुसतं माझं मत नाही. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ मध्ये चौथी ते बारावीच्या मुलांवर झालेले लेखनाचे प्रयोग एकत्र करून पाहिले. आखणी कशी करावी आणि लिहिलेलं कसं सुधारावं हे उलगडून शिकवलं तिथे मुलांचं लेखन सर्वाधिक सुधारलं. परिणामाचं माप ०.८२ आलं, आणि असल्या अभ्यासांत ०.८ मोठं मानतात. सार लिहायला शिकवण्याचंही तेवढंच. वाक्यं जोडण्याच्या सरावाचं ०.५०. व्याकरण लेखनापासून तोडून, सुटं शिकवलं तिथे ते उणे ०.३२ होतं, म्हणजे लेखन उलट खालावलं. याचा अर्थ व्याकरण नको असा मी घेत नाही. ते मुलाच्या स्वतःच्या वाक्यात शिकवावं, एवढाच अर्थ मी घेते.

त्या ‘खुप’कडे येऊ. चुका दुरुस्त करायच्याच, पण सगळ्या एकाच दिवशी नाहीत. लाल शाईने भरलेल्या पानातून मूल एकच गोष्ट शिकतं: कमी लिहिलं की कमी चुका होतात. चार ओळींमागे हेही कारण असू शकतं. एका आठवड्याला एकच प्रकार घ्या. उदाहरणार्थ, मूल पण मुलाला, फूल पण फुलाला, बहीण पण बहिणीला, जमीन पण जमिनीवर: पुढे प्रत्यय आला की शब्दातल्या शेवटच्या अक्षराआधीचा दीर्घ इकार-उकार ऱ्हस्व होतो (संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द, जसं शरीर-शरीराला, याला अपवाद). हे एकदा लक्षात आलं की ती स्वतःच असे शब्द शोधायला लागेल. चूक असलेल्या ओळीच्या समासात फक्त एक टिंब द्या आणि शब्द तिला शोधू द्या. बाकीच्या चुका त्या आठवड्यात तशाच राहू द्या. तुम्हाला त्रास होईल, मला माहीत आहे. तरी राहू द्या.

लिहायला कारणही हवं. ‘माझा आवडता प्राणी’ कुणासाठी लिहायचा? बाईंना तपासण्यासाठी. त्याऐवजी तिला सांगा, शेजारचे दोन दिवस गावाला गेले आणि कुत्रा तुझ्या मावशीकडे राहिला, तर मावशीला काय काय माहीत असायला हवं ते लिहून दे. ढग आले तर काय करायचं हे त्यात यावंच लागेल. ते वाचून मावशीने फोन करून एक प्रश्न विचारला, तर तुमच्या दहा सूचनांपेक्षा तो जास्त शिकवेल.

पाठांतराचं काय करायचं? परीक्षा आहे, मार्क आहेत, मी ते नाकारत नाही. परीक्षेच्या आधी पंधरा दिवस सुरुवात कशी करावी, वेळ कसा वाटावा, किती ओळी अपेक्षित आहेत हे जरूर शिकवा. पण निबंध तिचाच असू द्या, सहा ओळींचा असला तरी. एखादा सुंदर उतारा तिला आवडला म्हणून तिने तो पाठ केला किंवा उतरवून काढला तर फार चांगलं, त्याने भाषेची लय कानात बसते. तो उतारा दुसऱ्याचा आहे हे तिला माहीत असतं, हा फरक मोठा आहे.

क्लासबद्दल: लावायच्या आधी तिथल्या मुलांच्या चार वह्या बघायला मागा. चारही वह्यांत एकच सुरुवात दिसली तर नका लावू. खाडाखोड, बाण, मध्येच घुसवलेली वाक्यं दिसली तर तिथे खरंच लिहायला शिकवतात असं समजा.

तिच्या बाबांना सांगा की मोबाइल निबंध नक्की लिहून देईल, आणि तो शुद्धही असेल. त्यात ‘कुत्रा इमानी प्राणी आहे’ हे वाक्यही असेल. त्या संध्याकाळी पलंगाखालून बाहेर आलेलं शेपूट मोबाइलने पाहिलेलं नाही, ते या मुलीने पाहिलं आहे. तिला जे दिसतं ते शब्दांत पकडता यावं, आणि पकडता पकडता आपल्याला काय वाटतं हेही तिला कळावं, यासाठी हे सगळं आहे. आणि आज स्वतःचं वाक्य बरं की वाईट हे जिला ओळखता येत नाही, तिला उद्या यंत्राचं तरी कसं ओळखता येणार?

एक गोष्ट मात्र तपासून घ्या. तिला वाचतानाही त्रास होतो का, फळ्यावरचं उतरवायला इतरांपेक्षा फार वेळ लागतो का, थोडं लिहिलं की हात दुखतो का, अक्षरं सुटतात किंवा जागा बदलतात का, आणि हे महिनोन्महिने तसंच आहे का? यातलं बरंच जुळत असेल तर त्याला आळस समजू नका. शिकण्यातल्या अडचणींची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांना दाखवा. लेखन-अक्षमता असलेली मुलं बोलायला अनेकदा अशीच तरतरीत असतात, आणि वेळेवर कळलं तर त्यांना पुष्कळ मदत करता येते. तुमच्या पत्रावरून मला तसं ठामपणे वाटत नाही. पण पत्रावरून हे ठरवता येत नाही.

बाईंनाही भेटा. ‘लेखन वाढवा’ म्हणजे त्यांना नेमकं काय हवंय ते विचारा: ओळी, मुद्दे, की वर्णन? शेपटाचं वाक्य त्यांना सांगा. वर्गभर वह्या तपासणाऱ्या माणसाला ते वाक्य ऐकायला मिळालेलं नसतं, आणि ऐकल्यावर बहुतेक बाई त्या मुलीकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतात.

ती चार ओळींची वही फेकू नका. त्या पानावर तारीख घाला. सहा महिन्यांनी याच कुत्र्यावर पुन्हा लिहायला सांगा, आणि दोन्ही पानं शेजारी ठेवून काय बदललं ते तिलाच शोधू द्या. जमलं तर मला कळवा, मी वाट बघतेय.